दोन नंबरचा गोल

वासू हे त्याचं नाव नव्हतं. वास घेतो म्हणून वासू. खरं नाव हजेरीपटात होतं आणि बायकोच्या मनात होतं. यार्डात, बाजारात, अगदी दवाखान्याच्या चिठ्ठीवरसुद्धा तो वासूच होता. त्यामुळे ती आपोआप वासूची बायको झाली. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नाकासमोर चालणारा नवरा मिळालाय आणि तोही पगारी नाकाचा, असं ती म्हणायची आणि हसायची.

यार्ड म्हणजे समुद्राकाठची चिखलाची एक लांबलचक पट्टी. मोठ्या भरतीच्या दिवशी म्हातारं जहाज स्वतःच्याच इंजिनाच्या जोरावर, भर वेगात, सरळ किनाऱ्यात येऊन घुसतं. एकदा चिखलात रुतलं की ते परत जात नाही. मग आधी त्याच्या पोटातलं सामान निघतं, गाद्या, कपाटं, दिवे, भांडी. मागून गॅसच्या बत्त्या घेऊन कटर चढतात आणि पुढच्या टोकापासून कापायला घेतात. हलकं झालं की किनाऱ्यावरच्या विंच यंत्राची वायर लावून त्याला आणखी वर ओढतात, पुन्हा कापतात. पाच-सहा महिन्यांत सात मजली जहाजाच्या जागी चिखलात एक घळ उरते, आणि पुढच्या भरत्यांत तीही बुजते.

या कामात सगळ्यात वाईट जागा तेलाच्या टाक्यांची. टाकी कितीही धुतली, पुसली, तरी गंजाच्या खपल्यांमागे तेल दडून बसतं. ऊन चढून पत्रा तापला की त्याची वाफ होते. त्या वाफेत बत्ती पेटवली तर काय होतं, ते सांगायला आतला कोणी बाहेर येत नाही.

यार्डाकडे गॅस मोजायचं मीटर होतं. ते ऑफिसच्या कपाटात होतं. नवीन जहाज आलं की एकदा आणि तपासणीचे साहेब येणार असले की एकदा, असं ते बाहेर निघे. रोज सकाळी मात्र वासू. तो दोरीला चिंधी बांधून टाकीच्या तळाशी सोडायचा, थोड्या वेळाने ओढून घ्यायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि टाकीच्या तोंडाशी खडूने खूण करायचा. गोल म्हणजे पेटवा. फुली म्हणजे आज हात लावू नका. सतरा वर्षांत त्याचा एकही गोल चुकला नव्हता. यार्डातल्या वस्तीत लग्न जुळवतानासुद्धा लोक विचारायचे, "मुलाला वासूने गोल दिलाय का?"

त्या गोलाच्या भरवशावर आत उतरणाऱ्या अकरा कटरांत एक वासूच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि हिचं नुकतंच लग्न झालेलं. येताना तिने एक ट्रंक आणल्यासारखा तो आणला. वासू दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चपला घेऊन आला. त्याला वाढवला तिने, पण यार्डात लावलं वासूने, आणि बत्ती हातात धरायला शिकवलं तेही वासूनेच ओळखीच्या कटराला सांगून. आता तो दोन गल्ल्या पलीकडे वेगळा राहत होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तरी कामावरून सुटला की आधी ताईकडे डोकवायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा, दाजींची दोन शब्दांत फिरकी घ्यायचा आणि मग घरी जायचा. त्याच्या पोटात काही राहत नसे. सकाळी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत.

वासूचं घर म्हणजे पाच-सहा जहाजांची भेळमिसळ होती. दार कुठल्याशा केबिनचं, गोल काचेचं. टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच कड, ताटं घसरू नयेत म्हणून. घर हलत नव्हतं, पण कडेशी मनगट घासून घासून तिच्या हाताला घट्टा पडला होता. फळीवर दुधी काचेच्या जाड बरण्या, एकाच मापाच्या, एकाच मळसूत्राच्या झाकणांच्या. जहाजाच्या स्वयंपाकघरातून अशा बरण्या पोत्याने निघतात.

पावसाळा सरल्यावर वासूला ताप आला. नऊ दिवस तो अंथरुणात होता. उठला, कामाला लागला, सगळं ठीक होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी तिने दूध चुलीवर ठेवलं आणि कपडे काढायला मागे गेली. वासू चुलीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसला होता. ती परत आली तेव्हा भांडं काळं झालं होतं आणि घर धुरकटलं होतं. ती ओरडली तेव्हा वासूने मान वर केली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे.

"करपलं का?" त्याने विचारलं.

त्याने विचारलं, हे तिला खटकलं. ती मोरीतून फिनेलची बाटली घेऊन आली आणि बूच काढून त्याच्या नाकाखाली धरली. वासूने श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग पेपरची घडी घातली, इतकी नीट की जणू ती उद्या परत करायची होती.

"कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "येईल परत. ताप गेला की हळूहळू येतं."

ताप जाऊन दहा दिवस झाले होते.

पुढचे तीन दिवस वासूने सगळ्या टाक्यांना फुल्या मारल्या. चुकायचंच तर इकडच्या बाजूने चुकू, असा त्याचा हिशेब. अकरा कटर सावलीत बसून राहिले. चौथ्या दिवशी मुकादम त्याच्याजवळ आला आणि चारचौघांत म्हणाला, हे नाक आहे की सासूबाई, काहीच पसंत पडत नाही. सगळे हसले. वासूही हसला. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही. ज्याला नाकावर माशी बसू द्यायची सवय नाही, त्याच्या नाकावर भर यार्डात मुकादम बसला होता.

तेव्हा ती म्हणाली, "चिंध्या घरी आणा. मी बघते."

ही कल्पना तिची होती. पुढे ती हे स्वतःपासून कधी लपवू शकली नाही. तिचं नाक मुळातच तिखट. कोणाच्या घरी काडी ओढली ते ती गल्लीच्या तोंडाशी सांगायची. शेजारणी म्हणायच्या, वासू हे नाव चुकून नवऱ्याला पडलं.

वासूने आधी नाहीच म्हटलं. मग त्याच संध्याकाळी तो तेलात भिजलेल्या चार-पाच चिंध्या घेऊन आला आणि तिला समोर बसवून शिकवायला लागला. हा कच्च्या तेलाचा वास. हा इंजिनाच्या तेलाचा. हा नुसत्या गंजाचा, याला घाबरायचं नाही. नाकात गोडसर येऊन डोळ्यांच्या मागे टोचलं की ती वाफ, तिला फुली. मध्ये मध्ये स्वतःच्या कोपराच्या घडीत नाक घालायचं, म्हणजे नाक कोरं होतं. आणि डोळे मिटून घ्यायचे.

"डोळे नाकाला फसवतात," तो म्हणाला. "चिंधी काळी दिसली की वास येतोच असं वाटतं. बघायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. उजाडताच वासू जहाजावर जायचा, चार टाक्यांत चार चिंध्या सोडायचा, ओढून चार बरण्यांत भरायचा. बरण्यांच्या झाकणांवर खिळ्याने एक, दोन, तीन, चार असे आकडे कोरलेले होते. बरण्या पिशवीत घालून, जेवणाचा डबा आणायला चाललोय असं दाखवत घरी यायचा. ती दार लावून एकेक बरणी उघडायची, हुंगायची, लावायची. तो तेवढ्यात चहा प्यायचा. ती सांगायची, एकला गोल, दोनला गोल, तीनला गोल, चारला फुली. तो परत जाऊन तसे खडू ओढायचा. नऊच्या भोंग्याला बत्त्या पेटायच्या.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी धाकटा आला. चहाचा कप घेऊन म्हणाला, दाजी, आजची एक नंबरची टाकी म्हणजे लोणी होतं, सुरी फिरवल्यासारखा पत्रा सुटत होता, तुमच्या नाकाला सोन्याने मढवायला पाहिजे. वासू बशीत बघत राहिला. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली, उकळलेला चहा तिने पुन्हा उकळला.

त्याला सांगायला हवं होतं. पण त्याला सांगणं म्हणजे भोंग्याला सांगणं. आज नको, उद्या नाक येईल, परवा येईल, असं करत दिवस गेले, आणि प्रत्येक गेलेल्या दिवसागणिक सांगणं आणखी अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती काळजी ठरली असती. महिन्यानंतर तो गुन्हा होता. तिच्या पाठीत एक गाठ बसली, ती नऊला घट्ट व्हायची आणि दुपारी जेवणाचा भोंगा झाला की सुटायची.

छप्पन्न दिवस तिचं काही चुकलं नाही. सत्तावन्नाव्या सकाळी गारठा होता. गारठ्यात वाफ दबून राहते, वास पुसट येतो. तिने एक उघडली, काही नाही. दोन उघडली. आहे की नाही? तीन उघडली आणि पुन्हा दोनवर आली. मग चारही उघड्या ठेवून ती पाळीपाळीने हुंगायला लागली, डोळे मिटून, कोपरात नाक घालून. झाकणं टेबलाच्या कडेला ओळीने मांडली होती.

तेवढ्यात शेजारीण दार ढकलून आत आली. कडी लावायची राहिली होती. तिला गाळणी हवी होती. वासूच्या बायकोने भराभरा झाकणं उचलली आणि बरण्यांवर बसवली, वर टॉवेल टाकला. लोणच्याच्या बरण्या धुतेय म्हणाली. शेजारीण गाळणी घेऊन, वासूभाऊ अजून घरीच कसे असं विचारून, उत्तर न ऐकता गेली. वासूचं घड्याळाकडे लक्ष होतं. तिने पुन्हा डोळे मिटले, एकेक झाकण किंचित सोडवून हुंगलं. एका बरणीत होतं. पुसट, गोडसर, डोळ्यांच्या मागे. तिने डोळे उघडून झाकणावरचा आकडा पाहिला.

"तीनला फुली," ती म्हणाली. "बाकी गोल."

वासू गेला. चिंध्या काढून बरण्या धुवायचं काम नेहमी नंतर सावकाश व्हायचं. त्या दिवशी तिने आधी केर काढला, पाणी भरलं. नऊला दहा कमी असताना बरण्या मोरीवर घेतल्या. दोन नंबरचं झाकण काढून आतली चिंधी ओढली आणि तिची बोटं लाल झाली.

तीन नंबरच्या टाकीत समुद्राचं पाणी गळून साठलेलं होतं. तिची चिंधी रोज गंजाने लालभडक होऊन यायची, भिजलेली, जड. ती रोज ती वेगळी पिळायची. आणि आज ती दोन नंबरच्या झाकणाखाली होती.

तिने तीनचं झाकण काढलं. आतली चिंधी कोरडी होती, मळकी, फक्त एका टोकाला काळी. तिने नाकाशी नेली. आता घर तापलं होतं, वास चांगला उठला होता.

झाकणं बदलली होती. वास दोन नंबरात होता. आणि दोन नंबरला वासूने गोल दिला होता.

काल संध्याकाळी धाकटा सांगून गेला होता, उद्या दोन नंबर घेतोय.

हात न पुसताच तिने फोन उचलला आणि वासूला लावला. रिंग जात राहिली. फोन कानाला लावून ती बाहेर पडली, दार उघडं टाकून. मग तिला आठवलं की ठिणगीच्या भीतीने सगळ्यांचे फोन गेटवर खोक्यात जमा होतात. भावाला लावून उपयोग नव्हता. तरी तिने लावला, कटला की पुन्हा लावला.

यार्डाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जहाजातल्या सामानाची दुकानं. बाहेर मांडलेले सोफे, वॉशबेसिनं, नारिंगी जॅकेटांचे ढीग, उलटी ठेवलेली एक होडी. ती मधून धावत होती. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी घरच्या चपलेवर बाई रस्त्यातून धावते तेव्हा लोक आधी तिच्या मागे कोण लागलंय ते बघतात. एक दुकानदार तिच्यासाठी बाजूला झाला, दुसरा काय झालं काय झालं म्हणत चार पावलं सोबत धावला आणि थांबला. ती गेटशी पोचत असताना भोंगा झाला.

गेटवरच्या वॉचमनच्या खोक्यात फोन वाजत होता. तो भावाचा होता, तिनेच लावलेला. तिने अजून कापला नव्हता.

"काय वहिनी, डबा राहिला का?" वॉचमन म्हणाला. बायकांना आत सोडायचं नाही, हा नियम. ह्यांना बोलवा, आत्ताच्या आत्ता, असं ती म्हणाली. त्याने गेटमधून हाक मारून कोणाला तरी पाठवलं. वासू जहाजाच्या मागच्या टोकाला वर चढलाय, खाली येईपर्यंत पाव तास, असा निरोप आला. गेटपासून जहाज दिसत होतं, पुढचा निम्मा भाग कापून गेलेला, आतले मजले उघडे पडलेले, कपाटाचं दार काढल्यावर कप्पे दिसतात तसे. माणसं मुंगीएवढी होती. त्यातला वासू कुठला, भाऊ कुठला, काही कळत नव्हतं.

मुकादम तिथूनच चालला होता. तिने त्याला थांबवलं. दोन नंबर थांबवा, म्हणाली.

"का हो?"

"ह्यांनीच निरोप दिलाय. चुकून गोल दिला म्हणाले."

हे तिला वाटेत सुचलं होतं. म्हणजे टाकीही थांबेल आणि नवऱ्याची झाकली मूठही राहील. मुकादम हसला. हसताना तो वॉचमनकडे बघत होता.

"वासू आणि चुकून? वहिनी, सतरा वर्षांत जे झालं नाही ते आज सकाळी झालं? आणि तो जहाजावर, तुम्ही घरी, निरोप आणला कोणी? कावळ्याने?" आणि मग थोड्या नरमाईने, "स्वप्न पडलं असेल. भाऊ आत आहे म्हणून घाबरलाय. जा घरी. गोल खुद्द वासूचा आहे."

तो वळला. वासूचं नाव इतकं पक्कं होतं की त्याच्या बायकोलाही ते हलवता येत नव्हतं. जहाजाच्या पोटात कुठेतरी एक बत्ती पेटली, निळसर ठिपका, मग दुसरी. त्या कुठल्या टाकीत ते तिला दिसत नव्हतं.

"त्यांना वास येत नाही," ती म्हणाली.

मुकादम थांबला.

"दोन महिने झाले. तापापासून. काहीच येत नाही. रोज मी घेते वास, घरी. आज माझी झाकणं बदलली. दोन नंबरात गॅस आहे."

मुकादमाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याचा रंग गेला. त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि पळत सुटला. वॉचमनने गेट सोडलं, ती मागून धावली, आणि कोणी तिला अडवलं नाही. शिट्टीवर शिट्टी वाजायला लागली. लाल फडकं वर गेलं. पेटलेले ठिपके एकामागून एक विझले.

दोन नंबरच्या टाकीतून चौघे शिडीने वर आले. धाकटा शेवटी. त्याच्या एका हातात न पेटवलेली बत्ती होती, दुसऱ्यात खरवडणी. बत्तीच्या नळीचा जोड सुटत होता म्हणून मदतनीस दुसरी नळी आणायला गेला होता. तेवढ्या वेळात पत्र्यावरचा रंग खरवडून घेऊ, असं म्हणून ते तळाशी बसले होते. पत्रा खरवडून झाला होता. वर आल्यावर धाकट्याने बहिणीला चिखलात उभी पाहिलं. घरी काही झालं का, हेच त्याला वाटलं. त्याने बायकोचं नाव घेऊन विचारलं.

मीटर आलं. ऑफिसातला पोरगेला साहेब ते दोन्ही हातांत धरून आला, जसं काही ते बाळ होतं. टाकीच्या तोंडाशी धरलं. काटा हलला नाही. शून्य.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुकादमाने शिट्टी तोंडातून काढली. एक कटर म्हणाला, बायकांचं ऐकून अर्धा दिवस जाणार. तिला वाटलं, देवा, शून्यच असू दे. आणि त्याच क्षणी वाटलं, शून्य असेल तर मी नवऱ्याचं नाक कापलं ते फुकट.

तोपर्यंत वासू खाली आला होता. त्याला वाटेत कोणीतरी सांगितलं होतं. तो घोळक्याच्या कडेला उभा राहिला, कोणाकडे न बघता. मग पुढे झाला.

"तोंडाशी काय धरता," तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. "मीटरची नळी खाली सोडा. उजव्या अंगाला, तिसऱ्या फासळीच्या मागे. ऊन तिकडून लागतं."

साहेबाने नळी सोडली. ती कमी पडली, दुसरी जोडली. वासूने नळी स्वतःच्या हातात घेतली, तळ लागल्यावर हातभर उजवीकडे सरकवली आणि थांबला. मीटर किंचाळायला लागलं. साहेबाने घाबरून ते जवळजवळ सोडलंच. तिसऱ्या फासळीच्या मागे. धाकट्याने खरवडलेला पत्रा तोच होता.

मग अकराही जण एकदम बोलायला लागले, आणि ते सगळं वासूला उद्देशून होतं. सतरा वर्षांचे गोल एका बाजूला आणि दोन महिने एका बाजूला, आणि दोन महिने जड निघाले. एकाने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याने सोडवली. मुकादमाने वासूला घरी जायला सांगितलं. उद्या यायचं का, हे वासूने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

धाकटा गेटपर्यंत त्यांच्या मागून आला. वासू पुढे निघून गेला.

"ताई," तो म्हणाला, "घरी कोण हुंगत होतं?"

"मी."

"किती दिवस?"

"छप्पन्न. आजचा धरून सत्तावन्न."

"रोज संध्याकाळी मी तुझ्याकडे चहा प्यायलो."

तिला सांगायचं होतं की मी फार काळजीपूर्वक घ्यायचे, की तुझ्यासाठी म्हणूनच घ्यायचे, की रोज नऊ वाजता माझी पाठ धरायची. यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडासमोर उभं राहण्यासारखं नव्हतं. तो अजून हातात खरवडणी धरून होता. ती त्याने बघितली, वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि परत आत गेला.

दोन दिवस वासू घरी बसला. यार्डातून कोणी आलं नाही. वासू तिच्यावर रागावलाही नाही, हे तिला जास्त झालं. एकदा फक्त म्हणाला, मला आधी सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, तुम्ही वर चढला होतात. तो म्हणाला, हो, तेही खरंच. मग दोघं जेवायला बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर टकटक झाली. त्या घरात धाकट्याने दार वाजवलं असं कधी झालं नव्हतं. ती आत ये म्हणाली. तो उंबऱ्याबाहेरच राहिला आणि तिच्या खांद्यावरून आत बघत वासूशी बोलला. मीटर आता रोज सकाळी लावणार आहेत, म्हणाला, तसं ठरलंय. पण लावणारा साहेब तोंडाशी धरतो आणि शून्य म्हणतो. कुठल्या टाकीत कुठे लपतं, ऊन कुठून लागतं, हे त्याला कुठे माहीत. काल कोणी उतरलंच नाही. मुकादम म्हणाला, वासूला नळी धरायला बोलवा.

"माझ्या सांगण्यावर आता कोण उतरेल?" वासू म्हणाला.

"तुमच्या सांगण्यावर नाही. मीटरच्या. तुम्ही फक्त कुठे धरायचं ते दाखवा." मग त्याने चौकटीला हात टेकला. "मी उतरतोच आहे ना, दाजी. मला कोणीतरी नीट बघून द्यायला नको?"

वासू उठला. बूट घालायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तेवढ्यात तिने पाण्याचा पेला भरून आणला आणि भावापुढे धरला. त्याने पेल्याकडे पाहिलं.

"नको," म्हणाला. "निघायचंय." आणि तिच्याकडे न बघता, "पुढे काही असलं तर मला आधी सांग. मला. नंतर बाकीच्यांना."

ती हो म्हणाली. त्याने मान हलवली. ती मान हो म्हणाली की नुसतीच हलली, ते तिला कळलं नाही.

दोघं निघाले. धाकटा पुढे, वासू मागे, चार पावलांचं अंतर ठेवून. गल्लीच्या कोपऱ्यावर धाकटा थांबला, वासू बरोबरीला आल्यावर पुन्हा चालायला लागला. मागे वळून त्याने पाहिलं नाही.

ती आत आली, पेला टेबलावर ठेवला, केर काढला, पाणी भरलं. तिच्याकडे आता हुंगायला काही नव्हतं आणि सांगायलाही काही नव्हतं. नऊचा भोंगा झाला तेव्हा ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. इतके दिवस निदान तिला माहीत असायचं. आता तिला इतर बायकांसारखंच नुसतं ऐकत उभं राहायचं होतं. साडेनऊ झाले. यार्डाकडून विंचची घरघर येत राहिली, रोजच्यासारखी. तरी ती आत गेली नाही.